हात आधी बाहेर, प्लास्टर मग

लग्नसराई जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, आम्हाला दोघांचा हातात हात घेतलेला ठसा करून हवाय. किती घेता?" दर सांगितला की पलीकडे क्षणभर शांतता आणि मग ठरलेला प्रश्न : "पीओपी तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आम्ही घरीच बादलीत कालवून हात घातले तर?"

घालू नका. हे मी इतकं तडकाफडकी सांगते की ऐकणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून बाई घाबरवतेय. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

मी मूळची पेणची. घरी गणपतीचा कारखाना. साच्यात प्लास्टर ओतायचं, साचा फिरवून आतून सगळीकडे थर बसवायचा, काथ्या लावायचा आणि मग थांबायचं. किती थांबायचं हे आमच्याकडे घड्याळ बघून कोणी ठरवत नसे. साच्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा. आधी गार लागतं, मग कोमट, मग चांगलंच गरम. गरमी उतरायला लागली की साचा उघडायचा. पुढे मी शिल्पकला शिकले, पुण्यात माझं काम सुरू केलं, पण प्लास्टरबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट मला त्या कारखान्यातच कळली होती : प्लास्टर आधी घट्ट होतं आणि त्यानंतर तापत जातं. सगळा घोळ या क्रमात आहे. हात अडकतो तेव्हा तो भाजत नसतो. भाजायला लागतो तेव्हा तो निघत नसतो.

तापतं का, तर त्याचं कारण भट्टीत आहे. जिप्सम हा खनिज दगड. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानातून येतो. त्याच्या स्फटिकांत पाणी बांधलेलं असतं. दगड दळून साधारण दीडशे अंशांपर्यंत भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि उरते ती आपली पांढरी भुकटी. पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीखाली अशा जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून 'प्लास्टर ऑफ पॅरिस'. या भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती गमावलेलं पाणी परत घेते, सुईसारखे बारीक स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत दिलेली उष्णता वसूल होते ती या वेळी. शंभर ग्रॅम भुकटीला परत दगड व्हायला खरं तर एकोणीस ग्रॅमच्या आतबाहेर पाणी पुरतं. आपण साठ-सत्तर ग्रॅम घालतो ते मिश्रण ओतता यावं म्हणून. हे जादा पाणी नंतर वाळून जातं, पण तोवर थोडी उष्णता तेही झेलत असतं. म्हणून घट्ट कालवलेलं प्लास्टर जास्त कडक होतं आणि जास्त तापतंही. त्यात कुणी 'लवकर सेट होऊ दे' म्हणून कोमट पाणी घेतलं किंवा मीठ टाकलं की झालंच. मीठ टाकलं की प्लास्टर झटकन पकडतं, म्हणजे विचार करायलाही वेळ उरत नाही.

आता थराची गोष्ट. बोटभर जाडीच्या थरातली उष्णता दोन्ही बाजूंनी हवेत निघून जाते. भरलेल्या बादलीच्या पोटातली जात नाही. तिथे पारा साठ अंशांपर्यंत पोचू शकतो, आणि मे महिन्यात नळाचं पाणीच कढत येत असेल तर सुरुवातच वरून होते. साठ अंश म्हणजे किती? अमेरिकेत मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजही त्याचा दाखला दिला जातो. चव्वेचाळीस अंशांना इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. साठ अंशांना पाच सेकंद पुरतात. मधला हिशेब सरळ रेषेत चालत नाही, दर अंशाला वेळ भराभर कमी होत जातो. म्हणून 'थोडंसंच जास्त गरम' असं काही नसतं.

आणि चटका बसला की हात आपोआप मागे येतो, ही आपली जन्माची सोय इथे चालत नाही. मूठ मनगटापेक्षा रुंद असते. आमच्या भाषेत याला अंडरकट म्हणतात : साच्यातून वस्तू सरळ बाहेर येणार नाही असा खाचखळगा. वाकवलेली बोटं, अंगठ्याचं बेचकं, टाचेच्या वरची खोबण, माणसाचं शरीर अंडरकटांनी भरलेलं आहे. त्यात प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं. अगदी नावापुरतंच, पण पकड बसायला तेवढं पुरतं. सगळ्यात फसवं म्हणजे सुरुवातीची ऊब. "छान शेकल्यासारखं वाटतंय," असं म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत.

इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यातल्या एका शाळेत जानेवारी २००७ मध्ये कलेच्या तासाला सोळा वर्षांच्या एका मुलीने स्वतःच्या हातांचं शिल्प करायचं म्हणून दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. हात निघेनात. मिश्रण साठ अंशांच्या आसपास तापलं. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी एका हाताला एकही बोट उरलं नाही आणि दुसऱ्याला दोन. २००९ मध्ये न्यायालयाने शाळेला दंड केला, खर्च धरून एकोणीस हजार पौंड. मी कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा ही हकिगत पहिल्या दिवशी सांगते. वर्गात शिक्षक होते, दिवस होता, शाळा होती, कुठलं जालीम रसायन नव्हतं. पोरांना ते लक्षात राहतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही पिशव्यांवर 'शरीराचा कोणताही भाग वेढून याचा साचा करू नका' अशा अर्थाची सूचना छापलेली असते. मी ज्या गोण्या विकत घेते त्यांच्यावर कंपनीचं नाव, वजन आणि एखादं चकचकीत छत दिसतं.

इथे हमखास आक्षेप येतो : "पण दवाखान्यात अख्ख्या पायाला घालतातच की!"

घालतात, पण दवाखान्यात जे घालतात ती पट्टी असते. मथायसेन नावाच्या डच लष्करी शल्यवैद्याने १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला कापडात कोरडं प्लास्टर चोळून अशा पट्ट्या केल्या, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. आधी मऊ सुती आवरण, त्यावर कापसाचे थर आणि मग ओल्या पट्टीचे मोजके वेढे. कातडीला प्लास्टर शिवतही नाही आणि थर पातळ असल्याने गरमी बाहेर पडते. एवढं असूनही भाजण्याच्या घटना तिथेही घडतात, आणि त्यांची कारणं हाडांच्या डॉक्टरांनी मोजमाप करून दाखवली आहेत : पट्टी भिजवायचं पाणी गरम घेतलं, थर फार जाड झाले, किंवा ओल्या प्लास्टरचा पाय उशीवर टेकवला, वरून पांघरूण घातलं. उशी आणि पांघरूण हे आपल्या मायेचे प्रकार! प्लास्टर घातलेला पाय वाळेपर्यंत उघडा ठेवा, आणि "आत भाजतंय" असं रुग्ण म्हणाला तर "होतं थोडं" म्हणून गप्प बसवू नका. परिचारिकेला किंवा डॉक्टरला लगेच बोलवा.

रुग्णच म्हणाला नाही तर? हा प्रश्न माझ्या धंद्यात वारंवार येतो, कारण आईवडिलांच्या पावलांचे ठसे घेऊन ते देवघराजवळ ठेवायची हौस आपल्याकडे फार. मुलगा परदेशी निघाला की जाण्याआधी फोन करतो. आणि आईवडील असतात सत्तरीपलीकडचे, बरेचदा मधुमेहाचे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. चप्पल पायातून कधी निसटली हेही काहींना कळत नाही. अशा पायाला पन्नास अंशांचा लगदा लावला तरी आजी हसतमुखाने बसून राहतील. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना हेच दाखवून दिलं होतं : बोटं रोगाने खाल्ल्यामुळे झडतात असं लोक समजत होते, खरं तर वेदना कळत नसल्यामुळे झालेल्या जखमांनी ती जात होती. म्हणून पावलांचा ठसा घ्यायचा असेल तर माझा पहिला प्रश्न साखरेचा असतो. तळपाय बधिर असतील, भेगा किंवा जखम असेल, तर मी ओल्या मातीतला नुसता दाबाचा ठसा घेते, किंवा सरळ नाही म्हणते. एका गृहस्थांना याचा राग आला होता. त्यांना भावना महत्त्वाची वाटत होती, मला टाच.

चेहऱ्याचा हट्ट धरणारेही भेटतात. चेहऱ्यावर प्लास्टर लावून मुखवटे घेण्याची चाल जुनी आहे, आणि त्यातली मोठमोठी नावंही सुखाने सुटलेली नाहीत. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचा मुखवटा १८२५ मध्ये ब्राउअर नावाच्या शिल्पकाराने घेतला. जेफरसन तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. प्लास्टर ठरल्यापेक्षा जास्त वाळलं, निघेना, छिन्नी-हातोडीने तुकडे तुकडे करून काढावं लागलं. श्वास कोंडलेल्या म्हाताऱ्याने खुर्ची आपटून लक्ष वेधून घेतलं. लिंकन यांचा मुखवटा शिकागोत लिओनार्ड व्होल्क याने १८६० मध्ये घेतला. तो लिंकन यांनी स्वतःच ओढून काढला, तेव्हा कानशिलाजवळचे केस त्यात उपटून आले आणि डोळ्यांतून पाणी आलं. केसांचं हे दुखणं आजही तसंच आहे. भुवया, पापण्या, मनगटावरची लव, जिथे केस तिथे प्लास्टर मूळ धरतं. व्हॅसलीन चोपडल्याने केसांचा प्रश्न बराचसा सुटतो. उष्णतेचा अजिबात सुटत नाही, आणि लोक या दोन गोष्टी एकच समजतात. नाकात नळ्या घालून चेहरा झाकण्याचे उद्योग तर कृपा करून करू नका. नळी हलली की श्वास बंद आणि ओरडायला तोंड मोकळं नाही. जाणकार माणसं नाकपुड्या उघड्या ठेवून भोवतीने काम करतात, आणि दुसरा माणूस फक्त श्वासावर लक्ष ठेवायला उभा असतो.

मग आम्ही करतो काय? अल्जिनेट वापरतो. तपकिरी समुद्री शेवाळापासून काढलेल्या द्रव्याची ही भुकटी दाताचे डॉक्टर कवळीचं माप घ्यायला वापरतात, तीच. दातांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. पाण्यात कालवली की काही मिनिटांत घट्ट खरवसासारखी होते आणि अजिबात तापत नाही.

परवाच एक जोडपं आलं होतं. आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायला लावलं. बोटं गुंफून हात कोरड्या बादलीत धरून बघितले : तळाला, कडेला टेकत नाहीत ना, अंगठा कुठे राहतो, खांदा अवघडतो का. मग गार पाणी (गार पाण्याने अल्जिनेट सावकाश घट्ट होतं), ड्रिलला लावलेल्या रवीने भराभर घुसळण, आणि गुलाबी लगद्यात दोघांचे हात मनगटाच्या वरपर्यंत. नवरामुलाला नेमकं तेव्हाच हसू फुटलं. हसलात तर ठसा दुहेरी येईल, म्हटल्यावर दोघंही छताकडे बघत बसली. लगदा बोटाला चिकटेनासा झाला की हात बाहेर काढायचे, पण ओढायचे नाहीत. आत बोटं हळूहळू वळवळवायची, कडेने हवा शिरते, एक 'फुस्स' आवाज येतो आणि एकेक हात सुटतो. पोकळी उरते ती त्यांच्या हातांची.

प्लास्टर येतं ते आता. अल्जिनेट सुकताना आकसतं, म्हणून फार वेळ न दवडता पातळसर प्लास्टर कडेकडेने ओतायचं, बादली तिरपी करून बोटांच्या टोकांत अडकलेले बुडबुडे काढायचे. अर्ध्या-पाऊण तासाने मी गिऱ्हाइकाला बादलीला बाहेरून हात लावायला सांगते. मधे अल्जिनेटची जाड भिंत असूनही ऊब कळते. त्या नवरीमुलीने हात लावला, नवऱ्याकडे बघितलं आणि दराबद्दल पुढे कुणी बोललं नाही.

बाळांच्या बाबतीत तर मी प्लास्टर पाळण्याच्या खोलीतही आणत नाही. बाळ दूध पिताना किंवा गाढ झोपेत असताना पाय अल्जिनेटच्या वाटीत, तो निघाला की आई बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत, आणि माझं ओतकाम बाहेर गॅलरीत. तान्ह्याची कातडी पातळ आणि त्याला 'भाजतंय' सांगता येत नाही, याहून वेगळं कारण द्यायची गरज नसावी.

पट्टीचं प्लास्टर शरीरावर चालतं, पण नियम पाळून. जॉर्ज सीगल या अमेरिकी शिल्पकाराने १९६१ पासून चालत्याबोलत्या माणसांवर दवाखान्यातल्या पट्ट्या गुंडाळून पांढरीफटक माणसं उभी केली आणि नाव कमावलं. त्यातली खुबी अशी की कवच पातळ असतं आणि ते तुकड्यातुकड्यांनी कापून काढून नंतर जोडतात. हात किंवा पाय गोलाकार पूर्ण वेढायचा नाही, अर्ध्याच बाजूचं कवच घ्यायचं, तीन-चार थरांवर जायचं नाही, खाली व्हॅसलीनचा जाड लेप किंवा पातळ प्लास्टिक. हल्ली गरोदर बायका पोटाचा साचा करून घेतात, तोही याच पद्धतीने होतो. पण त्यांना उभं ठेवू नका, चक्कर येते. टेकून बसवा, डॉक्टरांना विचारून या म्हणा. आणि पट्टी औषधांच्या दुकानातलीच घ्या. भिंतीच्या नि छताच्या कामाच्या मालात काय काय मिसळलेलं असेल, सांगता येत नाही. शुद्ध प्लास्टर भाजतं ते केवळ उष्णतेने, पण चुना किंवा सिमेंट मिसळलेलं असेल तर ते ओलं असताना कातडीला रासायनिक इजाही करतं. भुकटी कालवताना मास्क लावा, धूळ डोळ्यांत जाऊ देऊ नका. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, ते पाण्याखालीही घट्ट होतं आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं.

कुणी ऐकलंच नाही आणि हात अडकला, तर? मिश्रण मऊ असेल तर अब्रूचा विचार न करता हात उपसून काढा, ठसा गेला खड्ड्यात. घट्ट झालं असेल तर वरून सतत गार पाणी सोडा, दुसऱ्याने कडेकडेने, हातापासून लांबच्या बाजूने फोडायला घ्यावं आणि तिसऱ्याने तोवर १०८ला फोन लावावा. हात सुटल्यावर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप-हळद नको. फोड आले, कातडी पांढरी किंवा बधिर वाटली तर स्वच्छ कापडाने सैलसर झाकून थेट रुग्णालय. न दुखणारी भाजलेली जागा जास्त खोल असू शकते, त्यामुळे 'आता दुखत नाही' यावर विसंबू नका.

मुलांना हाताचा ठसा हवाच असतो, आणि त्यासाठी अल्जिनेटचाही खर्च नको. मागे आमच्या भागातल्या एका शाळेच्या बाईंना मी जी रीत सांगितली ती शाडूची. गणपतीतली उरलेली माती भिजवून मळायची, पोळपाटावर दोन बोटं जाड थापायची. पोराने हात पसरून दाबायचा, उचलायचा, नळाखाली धुवायचा. भोवती पुठ्ठ्याची कड उभी करायची, फटी मातीनेच लिंपायच्या आणि त्या खळग्यात बाईंनी प्लास्टर ओतायचं. मुलांनी तोवर पटांगणात खेळावं. गार झाल्यावर माती सोलून काढली की तळहाताच्या रेषांसकट हात वर येतो. बाईंनी नंतर मला फोटो पाठवले. मुलांनी हौसेने काडीने मातीत आपापली नावं कोरली होती, ती सगळी प्लास्टरवर उलटी उमटली होती. तेवढं मी सांगायला हवं होतं असं बाईंचं म्हणणं पडलं. यंदा त्यांनी आधी आरसा समोर धरून नाव लिहायचा सराव करून घेतला, आणि त्यात अर्धा तास गेला.